आधीच तयार केलेले

नगर एमआयडीसीकडे 'फॅब्रिकेशन वर्क्स'च्या पाट्या दिसतात. आपली कितीतरी पोरे तिथे वेल्डिंग करतात. या शब्दाला 'प्री' जोडला की 'प्रीफॅब्रिकेट' हे इंग्रजी क्रियापद होते. म्हणजे भाग आधी बनवून ठेवायचे, जागेवर फक्त जोडायचे. सिमेंटचे तयार खांब आणि फळ्या लावून कंपाऊंड असेच झटपट उभे राहते. त्यात वाईट काही नाही.

पण इंग्रजीत हा शब्द आधीच बनवून ठेवलेल्या मतालाही लावतात. आम्ही बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो. एका फाईलला हात लावण्याआधीच कानावर आले, "कोट्यातले, यांना काय जमणार?" काम पाहण्याआधीच निकाल तयार!

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच दाखवून दिले. जातीत माणसाचा धंदा त्याची कुवत पाहून नव्हे, तर आईबापावरून जन्माआधीच ठरतो. तथागतांनीही माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखायला शिकवले.

बंधू-भगिनींनो, दहावीनंतर "आपल्या पोरीला सायन्स झेपायचे नाही" असे आपणच म्हणतो, तेव्हा तोच तयार निकाल आपण घरात आणतो. आधी पोरीला विचारा, मग फॉर्म भरा. जयभीम!