घरची बाग : भिंतीतला पिंपळ

नळदुर्गाजवळच्या आमच्या जुन्या वाड्याच्या परसातील दगडी भिंतीत एक पिंपळ रुजला होता. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी ते. पण पंधरावीस वर्षांत दगडांचे सांधे उकलू लागले. धाकटे बंधू म्हणत, झाड राहिले तर भिंत जाईल. वहिनींचे म्हणणे, अश्वत्थावर कोयता चालविला तर घराचे बरे होणार नाही. दोन्ही बाजूंनी शब्द वाढले, तेव्हा आम्ही सुचविले की, झाड तोडू नये. उचलून कुंडीत न्यावे व त्याचा वामनवृक्ष करावा.

वामनवृक्षास जपानी लोक बॉन्साय म्हणतात. त्याचा अर्थ उथळ पात्रात लावलेले रोप, इतकाच. या नादात आम्ही पूर्वी एकदा फसलो होतो. वडाचे बोटभर रोप थेट उथळ ताटलीत लावले; सहा वर्षांनीही खोड पेन्सिलीहून जाड झाले नाही. मुळांस वाव नाही, पाने थोडी. मग खोडास पोषण कोठून मिळावे? म्हणून रोप आधी जमिनीत तीनचार वर्षे मोकळे वाढवावे. बुंध्याजवळची एक फांदी मुद्दाम बेफाम वाढू द्यावी व खोड भरल्यावर ती छाटावी. खुजे करण्यापूर्वी वाढू देणे, हेच या कलेचे मर्म होय.

भिंतीतल्या झाडाचे मोल याचसाठी आहे. त्याचे खोड वर्षानुवर्षे आपोआप कसलेले असते. बुंधा रुंद, वर निमुळता होत गेलेला, मुळे चहूबाजूंस पसरलेली व फांद्या खालपासून फुटलेल्या, असे झाड निवडावे. पिंपळाहून नांद्रुक सोयीचा. त्याची पाने लहान असतात. मात्र किल्ल्याच्या तटातून वा राखीव रानातून रोप उपटू नये. आपले कठडे, पडक्या विहिरी आणि रोपवाटिकेतील मागे पडलेली जुनी रोपे पुरेशी आहेत. ऑस्ट्रेलियात बाहेरून झाडे आणण्यावर कडक निर्बंध असल्याने तेथील छांदिष्टांनीही आपल्याच भूमीतल्या वडाच्या जातभाईंना हाताशी धरले आहे.

आम्ही पहिला दमदार पाऊस होताच दगड सैल केले, शेंडा छाटला, सोटमूळ कापले व बारीक मुळे जपली. मुरूम, विटांचे तुकडे व थोडे कुजलेले शेणखत घालून झाड मोठ्या कुंडीत सावलीत ठेवले. नवी पालवी येईपर्यंत जादा खत दिले नाही. भिंतीतील उरलेली मुळेही काढली, नाहीतर ती पुन्हा फुटतात. मग गवंड्याकडून भिंत सांधून घेतली.

वहिनींनी विचारले, “भावोजी, याला आता उपाशी ठेवणार का?” आम्ही सांगितले की, वामनवृक्ष उपासाने नव्हे, छाटणीने लहान राहतो, खाणेपिणे त्याला वेळेवर द्यावेच लागते. तेव्हापासून सकाळचे पाणी त्याच घालतात. उथळ पात्रात बसविण्यास अजून तीन वर्षे तरी आहेत. ते काम बहुधा नातवंडांच्या हातून व्हायचे, म्हणून छाटणीची कात्री आम्ही आतापासूनच त्यांच्या हाती देत आहोत.