भारताची मोटोजीपी मिसानोला का गेली? रेस हलते तेव्हा नेमकं काय हलतं

खानदेशातल्या बाईकवेड्यांसाठी २०२३ चा हिशोब सोपा होता. जळगाव किंवा भुसावळहून दिल्लीची गाडी पकडायची, धुळ्याच्या पोरांनी आधी चाळीसगाव गाठायचं, आणि पुढे ग्रेटर नोएडा. २२ ते २४ सप्टेंबर २०२३ ला तिथल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. मार्को बेझेक्की जिंकला. पुढच्या वर्षी २० ते २२ सप्टेंबर २०२४ या तारखाही भारताच्याच होत्या. त्या तारखांना रेस झाली सुद्धा, फक्त ती इटलीतल्या मिसानोला झाली.

मधल्या काळात काय झालं ते पटकन बघू. जून २०२४ मध्ये कझाकस्तानात रेस होती, ती पुरामुळे पुढे ढकलली. मग भारताची रेस २०२५ वर गेली आणि आपली मोकळी झालेली तारीख कझाकस्तानला मिळाली. नंतर कझाकस्तानही रद्द झालं आणि तारीख गेली मिसानोकडे. गंमत म्हणजे ६ ते ८ सप्टेंबरला मिसानोला एक मोटोजीपी आधीच ठरलेली होती. म्हणजे दोन आठवड्यांत त्याच ट्रॅकवर दोन रेस. पहिली मार्क मार्केझने जिंकली, दुसरी एनिया बास्तियानिनीने.

जगात एवढे ट्रॅक पडलेत, मग परत मिसानोच का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा सर्व्हर बसला की सगळा लोड दुसऱ्या सर्व्हरवर वळवतात, त्याला फेलओव्हर म्हणतात. अशा वेळी सगळ्यात भारी सर्व्हर कोणता, हे कोणी शोधत बसत नाही. आधीपासून चालू कोणता आहे आणि कुठे डेटा भरलेला आहे, एवढंच बघतात. रेसचंही तसंच आहे. डांबर सगळीकडे मिळतं, पण त्या डांबराभोवतीची माहिती आणि परवानग्या पंधरा दिवसांत तयार होत नाहीत.

आधी माहितीचं बघू. २०१६ पासून मोटोजीपीच्या सगळ्या बाईकना एकच ईसीयू आणि एकच सॉफ्टवेअर आहे. ईसीयू म्हणजे इंजिनचा मेंदू. सॉफ्टवेअर सगळ्यांचं सारखं असल्यामुळे खरा खेळ सेटिंगचा असतो. कोणत्या वळणावर किती ताकद चाकापर्यंत जाऊ द्यायची, ब्रेक मारताना इंजिनने किती ओढायचं, हे इंजिनिअर वळणागणिक ठरवतात. बाईक ट्रॅकवर असताना तिचा डेटा पिटमध्ये लाइव्ह पाठवायला परवानगी नाही. तुमच्या व्हॉट्सअॅपच्या लाइव्ह लोकेशनसारखं काही चालत नाही. बाईक गॅरेजमध्ये आली की केबल लावायची, डेटा उतरवायचा, लॅपटॉपवर बघायचा, सेटिंग बदलायची आणि परत सोडायची. शुक्रवार-शनिवारी जेवढ्या फेऱ्या होतील तेवढंच शिकायला मिळतं.

मिसानोला टीमकडे वर्षानुवर्षांच्या फाइल्स आहेत. २०२० आणि २०२१ मध्येही तिथे वर्षाला दोन-दोन रेस झाल्यात. २०२३ ला बुद्धवर मात्र सगळे कोऱ्या पाटीने आले होते. एक किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टा, त्याच्या शेवटी जोरदार ब्रेकिंग, आणि त्यात आपला सप्टेंबर.

त्या सप्टेंबरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. मे महिन्यात जळगावात उन्हात मॅप लावून गाडी चालवली की फोन आधी स्क्रीन अंधुक करतो, मग हँग व्हायला लागतो. चिप तापली की फोन स्वतःच वेग कमी करतो, ते थ्रॉटलिंग. टायरचंही असंच होतं. पुढच्या बाईकच्या मागे चिकटून राहिलं की तिची गरम हवा अंगावर येते, पुढचं टायर तापतं, आतला दाब वाढतो आणि पकड जाते. फरक एवढाच की ३०० च्या वेगात टायरला हँग होऊन चालत नाही. आणि वर बसलेला माणूस तर आणखी लवकर तापतो, कारण त्याच्या अंगावर चामड्याचा पूर्ण सूट असतो. बुद्धवर रेस २४ लॅपवरून २१ वर आणावी लागली. तरीही दुसऱ्या नंबरवर आलेला होर्हे मार्टिन शेवटी अंगातलं पाणी संपून खाली बसला. खानदेशात उन्हाळा काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नंतर भारताची रेस मार्चमध्ये नेण्याची चर्चा झाली ती उगाच नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. बुद्ध हा एफवनसाठी बांधलेला ट्रॅक आहे. कार घसरली तर ड्रायव्हर पिंजऱ्यात सुरक्षित असतो, त्यामुळे भिंत थोडी जवळ असली तरी चालते. बाईकवाला घसरला की तो अंगावरच घसरत जातो. त्याला थांबायला लांबपर्यंत मोकळी जागा, खडी आणि हवा भरलेले अडथळे लागतात. म्हणून बुद्धवर बाईकसाठी बदल करावे लागले आणि मांडणीही थोडी बदलली. आंतरराष्ट्रीय महासंघ हे सगळं तपासून ट्रॅकला मान्यता देतो, तिला होमोलोगेशन म्हणतात. भारताची अंतिम मान्यता आली तेव्हा टीम ग्रेटर नोएडात पोहोचून बसल्या होत्या. कझाकस्तानची रेस २०२३ मध्येही याच कामासाठी अडली होती.

हे फक्त आपल्या वाट्याला आलं असंही नाही. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी स्पेनच्या व्हॅलेन्सियात भयंकर पूर आला. हंगामाची शेवटची रेस तिथेच होती. ती १७ नोव्हेंबरला बार्सिलोनाला झाली, जिथे मे महिन्यात एक मोटोजीपी होऊन गेली होती. मार्टिन तिथेच जगज्जेता ठरला. एका हंगामात दोनदा आयत्या वेळी रेस हलली आणि दोन्ही वेळा ती आधी रेस होऊन गेलेल्या ट्रॅकवरच गेली. नवीन ट्रॅकना संधी मिळत नाही असं नाही. २०२५ मध्ये हंगेरीचा बालाटोन पार्क आला, २०२६ च्या वेळापत्रकात ब्राझीलचं गोयानिया आलं. पण ते आधीपासून ठरवून. घाईच्या वेळी नव्याला कोणी विचारत नाही आणि एकदा तारीख गेली की नवा ट्रॅक पुन्हा रांगेच्या शेवटी. भारत २०२५ मध्ये परतला नाही आणि २०२६ च्या वेळापत्रकातही नाही.

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात अवघड गाठ ट्रॅकवर नाहीच, ती कागदावर आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं बुद्धवर एफवन झाली, तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता मनोरंजन मानलं आणि करमणूक कराचा वाद सुरू झाला. पुढे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेस तीनच दिवसांची असली तरी ते सर्किट हे एफवन कंपनीचं भारतातलं कायम ठिकाण धरलं जाईल आणि त्या कमाईवर इथे कर लागेल. एफवनची मालक लिबर्टी मीडिया. २०२५ मध्ये मोटोजीपीही तिनेच घेतली. म्हणजे भारताचं नाव निघालं की त्यांचे वकील हीच फाइल आधी उघडणार, ट्रॅकचा नकाशा नंतर.

यात आपलं काय गेलं? नुसती तिकिटं नाहीत. घरच्या रेसला स्थानिक रायडरला वाइल्ड कार्ड मिळू शकतं, म्हणजे पूर्ण हंगामाचा करार नसताना एका रेसपुरती जागा. २०२३ ला मोटो३ वर्गात कडई यासीन अहमदला ती मिळाली होती. रेस मिसानोला गेली की ती जागाही भारतीय रायडरच्या हातून जाते.

महाराष्ट्रात तर बाईकसाठी या दर्जाचं सर्किटच नाही. कोल्हापूरजवळ हुपरीला ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी स्टेडियममध्ये सुपरक्रॉस झालं, तिथे उलटाच प्रकार होता: मातीचा ट्रॅक स्टेडियममध्ये बनवला, रेस झाली, माती उचलली. मजा आली, पण त्यावर कोणी रोज सराव करू शकत नाही. जळगाव-धुळ्याच्या पोराला खऱ्या सर्किटवर बाईक फिरवायची तर चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावं लागतं, नाहीतर तो बायपासवर फिरवतो.

आता ‘मोटोजीपी भारतात परत येणार’ अशी पोस्ट फॉरवर्ड होऊन आली की आधी अधिकृत वेळापत्रक उघडा. नाव आहे का, महिना कोणता आहे, आणि नावापुढे मान्यता बाकी असल्याची खूण आहे का ते बघा. ती खूण असेल तर रेल्वेचं रिझर्वेशन करा, पण रद्द केलं तर किती पैसे कापतात तेही बघून ठेवा.