शाळेच्या कारभारातील पालक

शुल्क भरले, पावती घेतली, आता माझ्या पाल्याचे गुण वाढवून देणे ही शाळेची जबाबदारी, अशी जी भाषा आज शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गावांतील पालकसभांतूनही सर्रास ऐकू येते, तिच्यात पालक हा गिऱ्हाईक आणि शिक्षक हा मोबदला घेऊन काम करणारा इसम ठरतो. शेजारच्या बाकावरील मुलाशी आपले काही नाते आहे, या जाणिवेला त्या व्यवहारात कोठेही जागा उरत नाही. याचा दोष एकट्या पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण ही सवय त्यांना कायद्यानेही लावली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावेत असा दंडक घातला, परंतु विनाअनुदानित खासगी शाळांना त्यातून वगळले. आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने तेथील पालकांच्या हाती जो अधिकार दिला, तो मुख्यतः शुल्काच्या मंजुरीचा. तो अधिकार हवाच. पण ज्याचे मत केवळ दरापुरते विचारले जाते, त्याने दरापलीकडचा विचार करावा तरी कसा?

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली साताऱ्यात उघडलेल्या ज्या वसतिगृहाला पुढे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते शाहू छत्रपतींचे नाव मिळाले, तेथे सवर्ण व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले एकत्र राबली आणि एका पंक्तीत जेवली. त्या पंक्तीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, आणि गावोगावच्या गृहिणींनी आपल्या घरचे मूठमूठ धान्य दिले. तो दाणा कोणाच्या मुलाच्या, कोणत्या जातीच्या मुलाच्या ताटात पडणार, हे त्या गृहिणीस ठाऊक नव्हते, आणि तरीही ती देत होती. संस्थेचे खरे भांडवल मी त्या न विचारण्यातच पाहतो. अर्थात मुठीच्या या धान्याची आठवण काढून सरकारने आपला खर्च लोकांच्या गळ्यात घालावा, हे मला मुळीच मान्य नाही: शिक्षकांचे वेतन, इमारत आणि पुस्तके हे सरकारचे देणे आहे.

लोकांकडून पैशाची नव्हे, कारभारातील सहभागाची अपेक्षा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिजलेल्या पोषण आहाराची चव वाटपापूर्वी घेऊन तिची नोंद करण्यासाठी एक वही असते. एखादी आई खरोखरच येऊन भाताचे शीत चेपून पाहते, वरण पातळ झाल्याचे स्वयंपाकी ताईंना सांगते आणि मग वहीत सही करते, तेव्हा तिने आपल्या एका मुलाच्या नव्हे, तर पटावरील सर्व मुलांच्या ताटाची काळजी वाहिलेली असते. वरण पातळ असल्याचे सांगण्यास पदवी लागत नाही. मात्र केवळ सहीसाठी ती वही घरोघर फिरत असेल, तर शाळा व्यवस्थापन समिती कागदावर असून नसल्यासारखीच.

म्हणून समितीचा नियम विनाअनुदानित खासगी शाळांनाही लागू करावा, आणि सर्वच शाळांतील तिच्या सभा रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना मजुरी न बुडवता येता येईल अशा संध्याकाळच्या वेळी भराव्यात. सभेपुढील पहिला विषय निकालाचा नसावा. महिनाभरात कोणती मुले शाळेत आली नाहीत, आणि त्यांच्या घरी कोण जाणार, हा असावा.