अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग : आजार उशिरा, मग पुरावा कुणाकडे?

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेले तरी लगेच काही जाणवत नाही. मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, बहुधा २० ते ४० वर्षांनी उघड होतो. तोवर कामगार निवृत्त, कारखाना बंद किंवा मालक बदललेला. भरपाई अडते ती इथे.

कायदा नाही असे नाही. हा आजार आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कारखान्यांना बजावले : प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपा. अ‍ॅस्बेस्टॉसिस झालेल्यांना एक लाख रुपये भरपाईही ठरवली. पण नोंद राहते कंपनीच्या कपाटात, आणि ठेकेदाराच्या मजुराचे नाव तर अनेकदा हजेरीपटावरही नसते. त्याने सिद्ध काय करायचे?

नोंद दाखवता आली नाही तर आजार कामामुळेच झाला असे धरले पाहिजे. ओझे मालकावर हवे. तोवर नेमणूकपत्र, पगारपावत्या, ईएसआय कार्ड, जुने एक्स-रे, बायोप्सीचा अहवाल फेकू नका. डॉक्टरांना जुने काम आपणहून सांगा; तंबाखूची चौकशी होते, कामाची क्वचितच. दाव्याची मुदत दोन वर्षांची, सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकोलाही हा कर्करोग होऊ शकतो. ती मात्र ‘कामगार’ नाही, म्हणून या भरपाईच्या बाहेरच.