बारा अक्षरं, बारा महिने

वाङ्मय मंडळाच्या अंकात गणित कशाला, असं काही जण विचारतीलच. माझं मत उलटं आहे. द्विपद विस्तार हा विज्ञान शाखेइतकाच आपल्या मंडळाचाही विषय आहे.

वृत्तात अक्षर एक तर लघु, नाहीतर गुरू. चार अक्षरांची ओळ घ्या. एकही गुरू नसलेला प्रकार 1, एक गुरू असलेले 4, दोन असलेले 6, तीन असलेले 4, चारही गुरू 1. (अ + ब) चा चौथा घात विस्तारला की हेच सहगुणक येतात. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, त्यात हा आकड्यांचा त्रिकोण मेरुप्रस्तार या नावाने आहे. पास्कल सतराव्या शतकातला. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: ओळीत 12 अक्षरं, 4 लघु, 8 गुरू. अशा मांडण्या 495 होतात, त्यातली ही एक.

आता बाराचीच ओळ व्याजाला लावून बघा. निपाणी काय, बेळगाव काय, हातउसने पैसे 'दोन रुपये शेकडा' दराने मिळतात, म्हणजे महिन्याला 2 टक्के. देणारा वर्षाचे 24 टक्के सांगतो. पण व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं, तर 1.02 चा बारावा घात करावा लागतो. सहगुणक 1, 12, 66, 220, 495... मुद्दल 10,000 असेल तर दुसरं पद 2,400 रुपये. सांगितलं जातं ते एवढंच. तिसरं 264, चौथं 17 रुपये 60 पैसे. पाचवं, ते 495 वालं, जेमतेम 79 पैसे! एकूण व्याज सुमारे 2,682 रुपये. ते तिसरं पद ज्याला दिसतं, तो सही करण्याआधी थांबतो की.

आपल्याकडे दहावी मराठीतून होते आणि पीयूसीला विज्ञान इंग्रजीतून नाहीतर कन्नडमधून. 'बायनॉमियल' शब्द कानावर पडला की हुशार पोरं गप्प बसतात. द्विपद म्हणजे दोन पदांची राशी, एवढं कुणी आधी सांगितलं तर भीती निम्मी होते. कन्नडमध्येही शब्द द्विपदच आहे, त्याला सीमावाद माहीत नाही. भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, यावर हवं तर भांडू; पण सहा रसांची मिश्रणं किती, हा 'लीलावती'तला प्रश्नही एकदा सोडवू. (उत्तर 63.)

न्यूटनने 1665 च्या सुमारास घातांक अपूर्णांक घेतला आणि ही श्रेणी न संपणारी झाली. ते विज्ञानवाल्यांनी आम्हाला शिकवावं, मंडळाच्याच बैठकीत आणि मराठीत.

तोवर वृत्तं पाठ असणाऱ्यांसाठी: शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरं, त्यात 8 लघु. अशा मांडण्या किती? उत्तर रीतीसह फलकावर लावा.