रुई आपली, भाव कुणाचा?



कापूस असो की बांबू, कारखान्याला स्वस्त माल हवा असतो आणि बंधने येतात पिकवणाऱ्यावर. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली. हद्दीपलीकडे आदिलाबादला चार पैसे जास्त मिळत असले, तरी राजुरा-कोरपन्याच्या शेतकऱ्याने तिकडे कापूस नेणे गुन्हा ठरले. बांबूची तीच गत. जंगल गावाजवळ, वाहतूक परवाना मात्र वनखात्याच्या हाती.

२०११ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तो परवाना आपल्या हाती घेतला. ग्रामसभेने बांबू तोडला, ग्रामसभेनेच विकला.

आपला एकाधिकार केव्हाच संपला. तरी आपण सरकीसकट कापूस विकून मोकळे होतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. कुणाचा उतारा ३२ येतो, कुणाचा ३६. काट्यावर भाव बहुधा एकच! त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर असताना, केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले.

उपाय एकच. गावाने एका वाणाचा, कोरडा, कवडी काढलेला कापूस एकत्र करावा, मजुरी देऊन रेचून घ्यावा आणि गाठी व सरकी स्वतः विकावी. १७० किलोच्या गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. पैसा उशिरा हाती येईल, हे खरे. म्हणून घरटी एका क्विंटलनेच सुरुवात करा.

पुढच्या बैठकीला घोषणा नकोत. पहिल्या गाठीचा हिशेब घेऊन या.