आमचा धूर, त्यांचा धूर

मागच्या उन्हाळ्यात दोन आठवडे वर्क फ्रॉम होम घेऊन गावी गेलो होतो. (बुलढाणा जिल्हा. गावाचं नाव लिहीत नाही, घरचे वाचतात.) त्याआधी पुण्यात एका शनिवारी पॉटरीचं वर्कशॉप केलं होतं. चाकावर आपण वाटी करायची, फोटो काढायचे, भाजायचं काम ते लोक करतात आणि पंधरा दिवसांनी वाटी घरपोच. मला ते खटकलं. कोड आपण लिहायचा आणि चालवून बघायचा दुसऱ्यानं? म्हटलं, भट्टी आपणच बांधू.

परसात शे-सव्वाशे जुन्या विटा पडून होत्या. त्यांची कमरेएवढी चौकोनी भट्टी रचली. खाली जाळ, मध्ये लोखंडी जाळी, वर भांडी, त्यावर फुटक्या कौलांचं झाकण. तापमान बघायला ऑनलाइन मागवलेला थर्मोकपल. सरपण म्हणून पऱ्हाटी आणि गोवऱ्या, त्यांना आमच्याकडे तोटा नाही.

पहिल्या खेपेला पाऊण तासात साडेतीनशे डिग्री गाठली. काय अभिमान वाटला! मग आतून फटाके वाजायला लागले. वाळलेल्या दिसणाऱ्या मातीतही पाणी उरलेलं असतं, त्याची एकदम वाफ झाली की भांडं फुटतं. बारापैकी नऊ गेली.

मागच्या गल्लीत कुंभारकाका राहतात. आवाज ऐकून कुंपणापाशी आले. "घाई कायले केली बाबू? आधी तिचा घाम निघू दे." दुसऱ्या खेपेला त्यांच्या सांगण्यावरून तीन तास नुसती धग दिली, मग जाळ वाढवला. आठशेच्या वर गेलो आणि बाराच्या बारा शाबूत निघाली. तीन पुण्याला आणली, तर आठवड्याभरात टेबलावरच त्यांचे टवके उडायला लागले! आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतला ओलावा ओढून फुगतो. क्लायंटकडे गेल्यावरच सापडणारा बग, दुसरं काय. काका माती दोनदा चाळायचे ते उगाच नाही.

असो. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी.

त्या दोन्ही दिवशी आमच्या परसातून भरपूर धूर निघाला. कॉलनीत कुणी चकार शब्द काढला नाही. उलट समोरच्या काकू कौतुकानं बघून गेल्या, "इंजिनिअर झाला तरी मातीत रमतो हो!" काकांचा आवा मात्र चार वर्षांपूर्वी बंद पडला. भांडी आणि गोवऱ्यांचे थर, वरून गवत-राख, रात्रभर धुमसणारा. आवा आधीचा, कॉलनी नंतरची. मग धुराबद्दल अर्ज झाला, आणि त्यावर पहिल्या पाचात बाबांची सही आहे. आता काका दुसऱ्या तालुक्यातून तयार माठ आणून विकतात.

धूर खोटा नव्हता. आजीला दमा होता, मीही सही केली असती. पण अर्जाच्या पुढे कुणी गेलंच नाही. चिमणीच्या बंद भट्टीला उघड्या आव्यापेक्षा सरपण कमी लागतं, धूरही कमी होतो. हे काही गुपित नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थासुद्धा आहे. माझ्या अंदाजानं कॉलनीच्या एका गणपतीच्या वर्गणीत भट्टी उभी राहिली असती. दर मार्चमध्ये माठ आपल्याला हवाच असतो, फ्रीजचं पाणी घशाला लागतं ना! तो भाजणारा मात्र शेजारी नको. माझी नऊ भांडी फुटली तेव्हा माझा एक शनिवार गेला. काकांचा आवा बिघडला की महिन्याची मजुरी जायची, आणि तरी आपण माठावर वीस रुपये कमी करून मागतो. (मीही मागितलेत.)

बाबांशी बोललो. म्हणाले, "केलेली सही मागे घेता येत नाही." म्हटलं, भट्टी तर बांधता येते. दिवाळीत जाणार आहे, चिमणीला पत्र्याचा पाइप बघून ठेवलाय. जागा आमच्याच परसात. काकांना अजून विचारलेलं नाही. ते हो म्हणतील असं मी परस्परच धरून चाललोय.